धुराचा हिशेब : खामगांवच्या कापसापासून समृद्धि महामार्गापर्यंत

वाहन कोणतेंहि असो, त्याला चालविण्यासाठीं कांहीं ना कांहीं खाऊं घालावें लागतें. बैल कडबा व सरकी खातो, आगगाडीचें एंजिन कोळसा खात असे, मोटार तेल पिते. ह्या खाद्यापैकीं कांहीं भाग कामास लागतो व बाकीचा वायां जातो. बैलाच्या बाबतींत वायां गेलेलें खताच्या रूपानें शेताला परत मिळतें. मोटारीच्या बाबतींत मात्र तें धूर होऊन माणसाच्या छातींत शिरतें. म्हणून वाहनाच्या खाद्याचा हिशेब हा केवळ मालकाच्या खिशाचा प्रश्न नव्हे. रस्त्याकांठीं राहणाऱ्या आणि त्या वाहनांत कधींहि न बसलेल्या मनुष्याचाहि तो प्रश्न आहे.

हा हिशेब ठेवण्याची कल्पना अलीकडची आहे, उपग्रह आणि संगणक आल्यानंतरची आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः ती दोनशें वर्षांहून जुनी आहे. इंधन मोजावें, मोजलेला आंकडा सर्वांपुढें ठेवावा, आणि त्यावरून हांकणाऱ्यानें आपला हात सुधारावा, हा क्रम वाफेच्या यंत्रापासून चालत आलेला आहे. ह्या क्रमाचे बहुतेक टप्पे बुलढाणा जिल्ह्याच्या रस्त्यांवर पाहावयास मिळतात.

बुलढाणा जिल्ह्याची रचनाच मुळीं वाहनाची परीक्षा पाहणारी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा सपाट प्रदेश घाटाखालचा. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेडराजा हा घाटावरचा. मलकापुराहून बुलढाण्यास यावयाचें तर राजूर घाट चढावा लागतो; खामगांवाहून यावयाचें तर बोथ्याचा घाट आणि ज्ञानगंगेचें अरण्य ओलांडावें लागतें. सपाटीवर जो गाडीवान किंवा मोटारवाला सारखाच चतुर दिसतो, त्याचें खरें कसब ह्या दोन घाटांत उघडें पडतें.

रेल्वे येण्यापूर्वीं वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून डोंगर उतरून मुंबईकडे जात असे. ह्या प्रवासास कित्येक आठवडे लागत. गाडीवानाला इंधनशास्त्र ठाऊक नव्हतें. परंतु आंस वंगणावांचून कोरडा राहिला कीं बैल लौकर दमतो, चढावर मारझोड केल्यानें गाडी लौकर न जातां जनावर बसतें, आणि उतारावर गाडी मोकळी सोडली कीं ओझें बैलांच्या मानेवर येतें, हें त्याला पक्कें माहीत होतें. बैलाच्या तोंडाला आलेला फेंस हेंच त्याचें मोजमापाचें यंत्र होतें. पुढें मोटार आल्यावर हेंच तीन नियम नव्या नांवांनीं शिकवावे लागले, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

१८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फांटा भुसावळावरून मलकापूर, नांदुरा, शेगांव ह्या मार्गानें पूर्वेकडे सरकत १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. खामगांवची कापसाची पेठ तेव्हां भरभराटींत होती, पण मुख्य मार्गापासून ती थोडी बाजूला पडली होती. म्हणून जलंब ते खामगांव असा लहानसा फांटा काढण्यांत आला व १८७० सालीं गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो ह्याच्या हस्तें तो सुरू झाला. त्या दिवसापासून ह्या जिल्ह्यांतील वाहतुकीचें खाद्य बदललें. कडब्याची जागा कोळशानें घेतली आणि कोळशाबरोबर त्याचा हिशेबहि आला.

ह्या हिशेबाचें मूळ इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला, कॉर्नवॉल परगण्यांत आहे. तेथें तांब्याच्या व कथलाच्या खोल खाणी होत्या आणि त्यांत साचणारें पाणी वाफेच्या एंजिनांनीं उपसावें लागे. त्या मुलुखांत कोळसा सांपडत नसे. तो समुद्रमार्गें आणावा लागे व महाग पडे. जेम्स वॅट ह्यानें आपलें सुधारलेलें एंजिन खाणवाल्यांना दिलें तेव्हां मोबदला म्हणून एंजिनाची किंमत नव्हे, तर जुन्या एंजिनाच्या मानानें जितका कोळसा वांचेल त्याच्या किंमतीचा एक-तृतीयांश भाग मागितला. अर्थात् किती कोळसा वांचला हें मोजणें प्राप्तच झालें. वांचवलेल्या इंधनाला पैशाची किंमत असते, हें व्यापारी हिशेबांत मांडण्याचें हें ठळक उदाहरण होय.

पण खरी क्रांति पुढेंच झाली. वॅटच्या एकस्वाची मुदत १८०० सालीं संपली. त्यानंतर कांहीं वर्षें देखरेखीच्या अभावीं एंजिनांचें काम ढिलें पडलें. तेव्हां १८११ सालीं जोएल लीन नांवाच्या खाणीवरील अनुभवी गृहस्थानें एक मासिक पत्रक काढण्यास आरंभ केला. प्रत्येक एंजिनानें एक बुशेल कोळसा जाळून किती वजनाचें पाणी किती उंच चढविलें, हा आंकडा त्यांत छापला जाई. पत्रकांत कोणाची निंदा नसे, कोणास दंड नसे. केवळ आंकडे असत. परंतु शेजारच्या खाणीचें एंजिन तेवढ्याच कोळशांत दीडपट काम करितें, हें प्रतिमासीं छापून आल्यावर आपल्या एंजिनाकडे दुर्लक्ष करणें कोणालाहि शक्य राहिलें नाहीं. कोणी बाष्पपात्रावर उबेचें आच्छादन घातलें, कोणी वाफेचा दाब वाढविला, कोणी झडपा वेळेवर बंद केल्या. आणि एकाची युक्ति दुसऱ्यानें उचलली. पत्रकाच्या आरंभीं साधारण एंजिनाचें काम बुशेलमागें सुमारें दोन कोटी फूट-पौंड होतें. १८३५ सालीं एका एंजिनानें परीक्षेंत साडेबारा कोटींचा आंकडा गांठला.

ह्या पत्रकांत आणखी एक गोष्ट होती आणि पुढील विवेचनांत तिचें महत्त्व फार आहे. नुसता कोळशाचा आंकडा देऊन लीन थांबत नसे. एंजिनाच्या नळकांड्याचा व्यास किती, त्यावर भार किती, पंपांची खोली किती, दट्ट्याचे फेरे किती, हेंहि तो शेजारीं देई. उथळ खाणीवरील एंजिनाची तुलना खोल खाणीवरील एंजिनाशीं आंधळेपणानें केली जाऊं नये, म्हणून ही तजवीज होती. माप प्रामाणिक असावयास हवें असेल तर तें परिस्थितीसह दिलें पाहिजे, हा धडा त्या मासिक पत्रकानें जगाला दिला.

आगगाड्या आल्यावर युरोपांतील अनेक रेल्वे कंपन्यांनीं हीच पद्धत चालकांस लावली. कोणत्या ड्रायव्हरनें किती मैलांस किती कोळसा जाळला ह्याची नोंद ठेवावयाची आणि काटकसर करणाऱ्यास बक्षीस द्यावयाचें, अशी ती रीत होती. वाफेचें एंजिन चालविणें हें दोघांचें काम. फायरमननें कोळसा भट्टींत पातळ व सारखा पसरला, आणि ड्रायव्हरनें पुढील स्टेशन ओळखून वेळींच वाफ बंद करून गाडी आपल्या वेगानें जाऊं दिली, तर धूर कमी निघे व कोळसाहि वांचे. काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा, हें तेव्हांच्या चांगल्या ड्रायव्हरला सांगावें लागत नसे. धूर आणि उधळपट्टी हीं एकाच आईचीं लेंकरें आहेत, हें सत्य कोळशाच्या काळांतच सिद्ध झालें होतें.

विसाव्या शतकांत मोटार आली. पहिल्या कांहीं दशकांत पेट्रोलचा अपव्यय हा मालकाचा खासगी प्रश्न समजला जाई. दुसऱ्या महायुद्धानें ही दृष्टि पालटली. १९४१ सालीं हिंदुस्थानांत पेट्रोलवर नियंत्रण आलें, कूपनावांचून तें मिळेनासें झालें, आणि अनेक सर्व्हिस मोटारींच्या मागें लोणारी कोळशाच्या भट्ट्या बसल्या. त्या भट्टीच्या वायूवर मोटार चाले खरी, पण तिचें बळ कमी पडे. चढावर ती दमे आणि सकाळीं पेटवून तयार होण्यास बराच वेळ घेई. अशा गाडीचा ड्रायव्हर गिअर केव्हां बदलावा, चढापूर्वीं वेग कसा सांभाळावा, वाटेंत विनाकारण ब्रेक कसा टाळावा, हें पोटाच्या गरजेनें शिकला. युद्ध संपलें, पेट्रोल मोकळें झालें आणि हें शिक्षण बहुतेक विसरलें गेलें.

१ जून १९४८ रोजीं मुंबई राज्याची पहिली एस. टी. गाडी पुणें ते अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, ह्या मार्गावर धांवली. बुलढाणा जिल्हा त्या वेळीं मध्यप्रांत-वऱ्हाडांत होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत विदर्भ मुंबई राज्यास जोडला गेला, तेथील सरकारी मोटार-सेवा ह्या एस. टी. मध्यें विलीन झाली, आणि १९६१ पासून महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ ह्या नांवानें ती चालूं लागली. बुलढाणा, चिखली, मेहकर, खामगांव, मलकापूर, शेगांव व जळगांव जामोद अशीं सात आगारें ह्या जिल्ह्यांत आहेत. ज्या खेड्यांत आगगाडी कधीं येणार नव्हती तेथें ह्या गाड्यांनीं शाळा, बाजार आणि दवाखाना आणून जोडला.

ह्याच एस. टी. नें कॉर्नवॉलचा धडा आपल्या परीनें पुन्हां गिरविला. तिच्या आगारांत एक माप प्रत्येकाच्या तोंडीं असतें, तें म्हणजे के. पी. टी. एल. दहा लिटर डिझेलमध्यें गाडी किती किलोमीटर गेली, हा त्याचा अर्थ. गाडी फेरीहून परत आली कीं टांकी भरावयाची, किती डिझेल बसलें तें लिहावयाचें, किती किलोमीटर झाले ते पाहावयाचे, आणि भागाकार करावयाचा. ह्यांत उपग्रह नाहीं, संगणक नाहीं. तिसऱ्या इयत्तेंतील मुलालाहि येईल असा हिशेब आहे. परंतु गाडीगणिक व चालकागणिक तो ठेवला म्हणजे कोणत्या गाडीचा पंप बिघडला आहे, कोणाचा पाय क्लचवरून निघत नाहीं, आणि कोणाचा हात हलका आहे, हें आगार-व्यवस्थापकाला एका दृष्टिक्षेपांत कळतें.

ह्या साध्या भागाकारामागें किती मोठी रक्कम आणि किती धूर दडलेला आहे, तें एका उदाहरणानें पाहावें. समजा, एक गाडी दिवसाला ३०० किलोमीटर चालते. दहा लिटरला ४५ किलोमीटर ह्या मानानें तिला रोज ६६.६७ लिटर डिझेल लागेल. चालकानें सवयी सुधारून हा आंकडा ५० वर नेला तर ६० लिटर पुरेल. रोजची बचत ६.६७ लिटर, वर्षांतील ३०० दिवस धरले तर २,००० लिटर. आतां एका लिटर डिझेलचें वजन एका किलोहूनहि कमी, तरी तें जळल्यावर अडीच किलोंहून अधिक कर्बवायु तयार होतो. हें ऐकून नवल वाटेल. पण डिझेलमधील प्रत्येक बारा भाग कर्बाला जळतांना हवेंतील बत्तीस भाग प्राणवायु येऊन मिळतो व एकूण चव्वेचाळीस भाग होतात, म्हणून वजन वाढतें. तेव्हां एका गाडीच्या एका वर्षाच्या काटकसरीनें पांच टनांहून अधिक वायु हवेंत जाण्याचा वांचतो. ही बचत नवें एंजिन न घेतां, नवा रस्ता न बांधतां, केवळ एका मनुष्याच्या हातापायांतून होते.

हें माप राष्ट्रीय महत्त्वाचें कसें झालें, तें १९७३ सालानें दाखविलें. त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत अरब-इस्रायल युद्धाच्या निमित्तानें तेल-उत्पादक देशांनीं पुरवठा आंखडला आणि थोड्या महिन्यांत खनिज तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. अमेरिकेनें १९७४ च्या आरंभीं ताशीं ५५ मैल, म्हणजे सुमारें ८८ किलोमीटर, ही सर्व देशभर वेगमर्यादा घातली. ती अपघात टाळण्यासाठीं नव्हे, तेल वांचविण्यासाठीं होती. भारतानें १९७८ सालीं पेट्रोलियम संरक्षण संशोधन संस्था स्थापन केली. राज्यांच्या परिवहन मंडळांतील चालकांना शिकविणें, आगारांत डिझेलची गळती शोधणें, आणि मोटारवाल्यांना ताशीं ४५ ते ५५ किलोमीटरच्या दरम्यान गाडी चालविण्याचा उपदेश करणें, हें ह्या संस्थेचें काम जुन्या पिढीस चांगलें आठवत असेल. पुण्याजवळ भोसरी येथील केंद्रीय मार्ग परिवहन संस्थेनेंहि परिवहन मंडळांच्या अधिकाऱ्यांना व चालकांना शिक्षण देण्याचें काम अनेक वर्षें केलें आहे.

त्या काळीं काटकसरीचा हेतु परकी चलन वांचविणें हा होता. धुराच्या आरोग्यावरील परिणामाचा विचार हळूहळू पुढें आला. कॅलिफोर्नियांत हागेन-स्मिट ह्या रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या वर्षांत असें दाखविलें कीं, लॉस एंजेलिस शहरावर पसरणारें डोळे चुरचुरविणारें धुकें हें मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतें. भारतांत १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं धुराच्या तपासणीस कायद्याचें स्वरूप दिलें. शिसें मिसळलेलें पेट्रोल २००० सालीं देशांतून बंद झालें. २०१२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें डिझेलचा धूर हा कर्करोग उत्पन्न करणारा पदार्थ आहे असा निर्णय दिला. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना ‘भारत स्टेज सहा’ ही कडक मर्यादा लागू झाली. ह्यांतील डिझेल गाड्यांच्या धुराड्यांत काजळी अडविणारी गाळणी असते. मोठ्या डिझेल गाड्यांत युरियाचें द्रावण फवारून विषारी नत्रवायु निर्विष केला जातो. आणि हें सर्व यंत्र बिघडलें तर चालकासमोर दिवा लागतो.

एवढें झाल्यावर हांकणाऱ्याच्या सवयीचें महत्त्व संपलें, असें मानण्याकडे साहजिक कल होतो. तो कल चुकीचा आहे. धूर-तपासणीचें प्रमाणपत्र उभ्या गाडीची परीक्षा घेतें. रस्त्यावरील माणसाची घेत नाहीं. उत्तम एंजिन असलेली गाडी एखादा मनुष्य बसस्थानकावर अर्धा तास घरघरत उभी ठेवील, तर त्या अर्ध्या तासांत तिचे किलोमीटर शून्य आणि डिझेल मात्र सारखें जळत राहील. गाळणी काजळी अडवील. कर्बवायु अडविणारी गाळणी मोटारीला लावलेली नसते. तो कमी करण्याचा उपाय एकच, तो म्हणजे कमी जाळणें.

राजूर घाटाचेंच उदाहरण घेतां येईल. चढाला लागण्यापूर्वींच योग्य गिअर टाकून एंजिनाला सारख्या वेगानें काम करूं द्यावें, पुढच्या ट्रकच्या अगदीं पाठीशीं न जातां अंतर राखावें, म्हणजे वळणावर थांबून पुन्हां पहिल्या गिअरमध्यें जोर करावा लागत नाहीं. उतरतांना मात्र एक जुना गैरसमज जिवावर बेतणारा आहे. उतारावर गाडी न्यूट्रलमध्यें सोडली किंवा एंजिन बंद केलें कीं तेल वांचतें, असें कित्येक चालक मानीत आले. आधुनिक डिझेल एंजिनांत गाडी गिअरमध्यें असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला कीं इंधनाचा पुरवठा यंत्र आपोआप थांबवितें. न्यूट्रलमध्यें मात्र एंजिन जिवंत ठेवण्यासाठीं तें चालूंच राहतें. म्हणजे न्यूट्रलमध्यें तेल वांचत नाहीं, उलट जळतें. शिवाय एंजिनाची अडवणूक नाहींशी होऊन सर्व भार ब्रेकवर पडतो व ते तापून निकामी होतात. एंजिन बंद केल्यास ब्रेकला लागणारा हवेचा दाबहि भरून निघत नाहीं. चढाला ज्या गिअरमध्यें जाल त्याच गिअरमध्यें उतरा, हा जुन्या चालकांचा नियम तेल आणि प्राण दोन्ही वांचवितो. बैलगाडीच्या काळांतील उतारावर गाडी मोकळी न सोडण्याचा नियम तो हाच.

बाकीचे नियमहि असेच साधे आहेत. चाकांतील हवा नेमाप्रमाणें ठेवावी, कारण बसकें चाक रस्त्याला चिकटून चालतें आणि तापतें. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवूं नये. एकदम वेग आणि एकदम ब्रेक टाळावा. ब्रेक दाबणें म्हणजे नुकत्याच जाळलेल्या तेलाची उष्णता करून हवेंत सोडणें होय. हवेची व तेलाची गाळणी वेळेवर साफ करावी किंवा बदलावी. गांवाची वेस, शाळा, बाजार हीं दुरून ओळखून पाय आधींच उचलावा.

अलीकडच्या वर्षांत ह्या सवयी मोजणारीं यंत्रें आलीं. २०१६ च्या अधिसूचनेनें सार्वजनिक प्रवासी वाहनांत गाडीचें स्थान सांगणारें यंत्र व संकटकाळीं दाबण्याची कळ असावी असा नियम झाला, आणि पुढील वर्षांत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. गाडीच्या संगणकाशीं जोडलेलें यंत्र आतां एंजिनाचे फेरे, ॲक्सिलरेटरचा दाब, अचानक लावलेला ब्रेक, उभ्या गाडींत एंजिन किती मिनिटें चाललें, हें सर्व क्षणोक्षणीं टिपूं शकतें. आगारांतील भागाकार दिवसाअखेरीस एकच आंकडा देत असे. हें यंत्र कोणत्या वळणावर, कोणत्या कृत्यानें तेल सांडलें तें सांगतें. लीनच्या मासिक पत्रकाचें हें क्षणिक पत्रक झालें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्याच सुमारास जिल्ह्याच्या दक्षिण भागांतून एक निराळाच रस्ता आला. नागपूर ते मुंबई ह्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला, आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा ह्या तालुक्यांतून तो जातो. लहान मोटारींना त्यावर ताशीं १२० किलोमीटरची मर्यादा आहे. दोन नाक्यांमधील अंतर मर्यादेपेक्षां कमी वेळांत कापलेल्या चालकांस उतरवून समुपदेशन करण्याची पद्धत परिवहन विभागानें २०२३ सालीं सुरू केली. वेळ आणि अंतर ह्यांच्या भागाकारावरून हांकणाऱ्याची सवय ओळखावयाची, हें आगारांतील हिशेबाचेंच दुसरें रूप होय.

वेगाचें गणित येथें मांडणें अवश्य आहे. ५२० किलोमीटरला ताशीं १०० च्या वेगानें ५ तास १२ मिनिटें लागतात, १२० च्या वेगानें ४ तास २० मिनिटें. म्हणजे ५२ मिनिटें वांचतात. परंतु हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. १०० वरून १२० वर जातांना तो जवळजवळ दीडपट, आणि ८० वरून १२० वर जातांना सव्वादोनपट होतो. मोकळ्या रस्त्यावर एंजिनाचें पुष्कळसें बळ हवा फोडण्यांतच खर्च होत असल्यामुळें, वांचलेल्या प्रत्येक मिनिटाची किंमत तेलांत आणि धुरांत मोजावी लागते. दवाखाना गांठावयाचा असेल तेव्हां ती किंमत थोडी आहे. चहाला लौकर पोंचावयाचें असेल तेव्हां ती फार आहे.

आतां ह्या सर्व मोजमापांत न्यायाचा जो प्रश्न आहे त्याकडे वळावें. मोजणें म्हणजे पाळत ठेवणें, असें चालकाला वाटलें कीं मापाचा उपयोग संपला. घाटाच्या फेरीवर जाणारा चालक आणि मलकापूर ते नांदुरा सपाटीवर धांवणारा चालक ह्यांचे आंकडे शेजारीं मांडून एकाला शाबासकी व दुसऱ्याला कारणें दाखविण्याची नोटीस दिली, तर तो हिशेब नव्हे, अन्याय होय. जुनें झालेलें एंजिन, शेगांवच्या यात्रेचे दिवस, लग्नसराईंत दाटीवाटीनें उभे असलेले प्रवासी, खेड्यागणिक थांबे, उखडलेला रस्ता, ह्यांचें ओझें चालकाच्या नांवावर लिहिणें योग्य नाहीं. असें झालें तर चतुर मनुष्य सुधारणा करीत नाहीं. तो मापालाच चकवितो, चढाची फेरी टाळतो, किंवा डिझेल वांचविण्यासाठीं थांब्यावरील म्हातारीला न घेतां पुढें जातो. मग आंकडा सुधारतो आणि सेवा बिघडते.

जोएल लीननें दोनशें वर्षांपूर्वीं ह्यावरचा उपाय दाखवून ठेविला आहे. त्यानें आंकड्याबरोबर खाणीची खोली छापली. तसेंच चालकाच्या आंकड्याबरोबर मार्गाचा चढउतार, गाडीचें वय, थांब्यांची संख्या आणि प्रवाशांचा भार लिहिला पाहिजे, आणि त्याची तुलना दुसऱ्याशीं करण्यापूर्वीं त्याच मार्गावरील त्याच्याच गेल्या महिन्याशीं केली पाहिजे. दुसरी गोष्ट अशी कीं, आंकडा प्रथम हांकणाऱ्याच्या हातांत पडावा. कार्यालयांतील पडद्यावर दिसणारा व चालकाला मात्र वेतनकपातीच्या दिवशींच कळणारा आंकडा कोणाचाहि हात सुधारीत नाहीं. तिसरी गोष्ट, वांचलेल्या तेलाच्या किंमतीचा कांहीं वांटा वांचविणाऱ्यास मिळावा. खुद्द वॅटनेंहि तो मागून घेतला होता.

एस. टी. ची पहिली विजेवर चालणारी ‘शिवाई’ गाडी १ जून २०२२ रोजीं पुणें ते अहमदनगर ह्याच जुन्या मार्गावर निघाली. पुढें तेलाची जागा वीज घेत जाईल हें उघड आहे. तथापि तेवढ्यानें हा इतिहास संपणार नाहीं. विजेची गाडीसुद्धां हिसके देऊन चालविली तर वाटेंत लौकर रिकामी होते; आणि ती वीज दूरच्या एखाद्या केंद्रांत कोळसा जाळून केलेली असेल तर येथला धूर तेथें जाऊन निघतो, एवढाच फरक. उलट घाट उतरतांना जो चालक एंजिनाच्या अडवणुकीनें उतरावयास शिकला आहे, तोच विजेच्या गाडींत चाकांकडून वीज परत भरून घेण्यांत तरबेज ठरतो. खाद्य बदलतें, हात तोच राहतो.

सारांश, कडबा, कोळसा, तेल आणि वीज ह्या चारी युगांत एक गोष्ट स्थिर दिसते. यंत्र कितीहि सुधारलें तरी त्याच्या खाद्याचा शेवटचा हिस्सा हांकणाऱ्याच्या संयमावर अवलंबून असतो, आणि तो संयम प्रामाणिक मापानें वाढतो, दंडानें वाढत नाहीं. जिल्ह्यांतील प्रत्येक मोटारवाल्यानें, मग तो ट्रकचा असो, काळी-पिवळीचा असो वा स्वतःच्या दुचाकीचा असो, एक वही घालावी. टांकी पूर्ण भरावी, किलोमीटर लिहावे, पुन्हां भरावी आणि भागाकार करावा. दोन महिन्यांत त्याला आपल्या हाताचें चित्र त्या वहींत दिसूं लागेल. ह्या वहीला खर्च नाहीं, शिकावयास शाळा लागत नाहीं, आणि तिच्यांतून होणारी बचत घरांत जितकी राहते तितकीच ती राजूर घाटाच्या पायथ्याशीं राहणाऱ्या मुलांच्या श्वासांतहि जाते.